पदवीचा केक विकत आणू नये

आमच्या जुन्नर-आंबेगाव भागातल्या महाविद्यालयांत अलीकडे एक प्रथा रूढ झाली आहे. तृतीय वर्षाची मुले पदवी घेऊन बाहेर पडली की समारंभ होतो आणि समारंभात केक कापला जातो. केक नारायणगावहून किंवा मंचरहून येतो. तीन थरांचा, वर पांढरे क्रीम, त्यावर साखरेची काळी चौकोनी टोपी. पाच मिनिटांत तो कापला जातो, निम्मा एकमेकांच्या गालांना फासला जातो आणि खोका कचऱ्यात जातो.

केक कापण्याला माझा विरोध नाही. केक परदेशी म्हणून तो नको, असेही मी म्हणणार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी हा केक विकत आणू नये, स्वतः भाजावा. भाजताना जे जे चुकेल ते वहीत लिहावे. शिक्षकांनी त्या वहीला प्रात्यक्षिकाचे गुण द्यावेत. यातले शेवटचे वाक्य माझ्या पुष्कळ सहकाऱ्यांना पटत नाही, म्हणून हा लेख.

आमच्या वर्गाने हा उद्योग केला त्याची हकिगत आधी सांगतो. खाण्याचा पदार्थ प्रयोगशाळेत करायचा नाही, हा नियम आहे आणि तो योग्य आहे. म्हणून आम्ही कँटीनच्या स्वयंपाकघरात गेलो. भट्टी नव्हती. मग मोठा दहा लिटरचा कुकर घेतला, त्याची शिट्टी आणि झाकणाची रबरी रिंग काढून ठेवली, तळाशी धुऊन वाळवलेली नदीची वाळू दोन बोटे पसरली आणि तीवर एक कडे ठेवले. (कोरड्या कुकरला शिट्टी आणि रिंग लावून तापवणे धोक्याचे आहे. घरी करणार असाल तर हे विसरू नका, आणि घरातले मोठे माणूस जवळ असू द्या.) वाळूत भाजणे आपल्याला नवे नाही. भडभुंजे चणे-फुटाणे तसेच भाजतात. वाळू सावकाश तापते, सावकाश निवते, आणि ज्योतीची आच एका जागी लागू देत नाही.

काही मुलांना अंडे चालत नव्हते. त्यामुळे मैदा, पिठीसाखर, आंबट दही, तूप, दूध आणि खायचा सोडा असा बेत ठरला. मिश्रण दीड किलोच्या आसपास झाले. ते सगळे १८ सेंटिमीटर व्यासाच्या उभ्या डब्यात ओतले. उंची भरली ६ सेंटिमीटर. भाजून झाल्यावर आडवे कापून तीन थर करायचे, अशी योजना होती. पाऊण तास झाला, तास झाला, सव्वा तास झाला. वास करपट यायला लागला तेव्हा डबा बाहेर काढला. तळ काळा झाला होता. सुरी खुपसली तर मधून पातळ घोळ वर आला.

मुलांनी लगेच कारणे शोधली. एकाने म्हटले, "सर, आपण उंचावर आहोत, हवेचा दाब कमी, म्हणून बिघडला." हे उत्तर ऐकायला शास्त्रीय वाटते, पण आकडे घालून पाहा. जुन्नर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे. येथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ९२ टक्के असतो आणि पाणी ९८ अंश सेल्सियसच्या किंचित खाली उकळते. म्हणजे घोळातला वायू मुंबईपेक्षा फार तर आठ-नऊ टक्के जास्त फुगेल. पाककृतींच्या पुस्तकांतही उंचीसाठी प्रमाण बदलायला सांगतात ते साधारण ३००० फुटांच्या पुढे. आपण २३०० फुटांच्या आसपास आहोत. याच मुलांनी नंतर सोडा तराजूवर तोलला. सपाट अर्धा चमचा २.४ ग्रॅम भरला, तोच शीग असलेला अर्धा चमचा ४.१ ग्रॅम. सत्तर टक्क्यांचा फरक हातात होता आणि आठ टक्क्यांच्या फरकाला दोष दिला जात होता. पुस्तकात वाचलेले कारण मोठे वाटते, हातून झालेली चूक लहान वाटते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतही मी हेच पाहतो.

खरे कारण एका मुलीने सांगितले. तीन वर्षांत तिने प्रात्यक्षिकाच्या तासाला स्वतःहून एक शब्द उच्चारला नव्हता. प्रयोगवहीत आकडे नीट, आलेख सुबक, आणि 'अनुमान' या मथळ्याखाली पुस्तकातली दोन वाक्ये. ती म्हणाली, "सर, जाड थापलेली भाकरी मधे कच्चीच राहते. आच वाढवली तर वरून करपते. आमच्याकडे थालीपीठ जाड झालं की आई त्याला जास्त भोकं पाडते." मग थोडे थांबून, "तीन डब्यांत वेगळं भाजलं असतं तर?"

हायस्कूलच्या वाचकांसाठी यातले भौतिकशास्त्र उलगडून सांगतो. केकचा मधला भाग शिजायचा तर उष्णता बाहेरून आत, घोळातून वाट काढत गेली पाहिजे. आता जाडी दुप्पट करा. एक तर तापवायचा माल दुप्पट झाला. शिवाय उष्णतेला जायचे अंतर दुप्पट झाले, म्हणजे बाहेरचा नि आतला तापमानाचा फरक तोच असताना उतार निम्मा झाला आणि उष्णता निम्म्या वेगाने वाहू लागली. दुप्पट काम, निम्मा वेग. वेळ लागणार चौपट. जाडी तिप्पट केली तर नऊपट. म्हणजे वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. थालीपीठाच्या भोकामुळे मधल्या पिठाला नवी कड मिळते, तिथून तेल आणि आच आत शिरते आणि अंतर कमी होते. मेदूवड्याच्या भोकाचेही तेच.

उष्णतावहनाचे हे गणित फ्रेंच गणिती फूरिये याने १८२२ साली ग्रंथरूपाने मांडले. आमच्या अभ्यासक्रमात ते आहे. त्या मुलीने ते सोडवलेही होते, गुणही चांगले होते. पण तो समीकरणातला वर्ग आणि आईच्या थालीपीठाचे भोक एकच आहेत, हे तिला कोणी विचारले नव्हते. मीही नाही. यात दोष विद्यार्थिनीचा नाही.

दुसऱ्या दिवशी आकडेमोड करून मगच डबे चढवले. घोळात बहुतांश पाणी, साखर आणि पीठ. त्याची उष्णता-विसरणशीलता पाण्याइतकी, म्हणजे सेकंदाला सुमारे ०.१४ चौरस मिलिमीटर धरली. खालून आणि वरून दोन्हीकडून आच येते, म्हणून अंतर निम्म्या जाडीचे. ६ सेंटिमीटर घोळासाठी अंतर ३० मिलिमीटर. त्याचा वर्ग ९००, भागिले ०.१४, सुमारे ६४०० सेकंद, म्हणजे पावणेदोन तासांहून थोडे जास्त. तळ त्याआधीच करपणार हे उघड होते. २ सेंटिमीटरच्या थरासाठी अंतर १० मिलिमीटर, वेळ सुमारे १२ मिनिटे. मुले खूश झाली.

प्रत्यक्षात पहिला थर भाजायला ३४ मिनिटे लागली, दुसऱ्याला २८, तिसऱ्याला २६.

येथे खरा तास सुरू झाला. बारा आणि अठ्ठावीस यांत एवढा फरक का? पहिला थर कुकर आणि वाळू पुरती तापण्यापूर्वी चढवला होता, हे लवकर लक्षात आले. पण बाकीच्या दोन्हींचे काय? मग कोणीतरी मल्टिमीटरबरोबर मिळणारा थर्मोकपल आणला आणि एक थर केवळ मोजण्यासाठी भाजायचे ठरले. (प्रयोगशाळेतला पाऱ्याचा तापमापक अन्नात आणि भट्टीत कधीही घालू नका. तो एवढ्या तापमानाला फुटतो, आणि पारा विषारी आहे.) कुकरमधली हवा १८० अंशांच्या पुढे होती, पण घोळाचा वरचा पृष्ठभाग बराच वेळ १०० च्या खालीच राहिला. आमच्या गणितात पृष्ठभाग पहिल्या क्षणापासून भट्टीइतका तापलेला धरला होता. तसे होत नाही. हवेतून पृष्ठभागात उष्णता जायलाच वेळ लागतो, आणि पृष्ठभागावरचे पाणी वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते. थर पातळ झाला तेव्हा आतली वाट सोपी झाली आणि अडचण बाहेर दारातच उभी राहिली. जाड केकला वर्गाचा नियम चांगला लागू पडतो, पातळ थराला तितकासा नाही. मधल्या भागाचे तापमान वर चढत चढत ९७ अंशांच्या आसपास आले आणि तेथेच रेंगाळले, कारण आत पाणी शिल्लक होते. म्हणून केक आतून पांढरट आणि वरून तपकिरी. तपकिरी रंग येतो त्या रासायनिक क्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे जोराने चालतात, आणि एवढे तापमान फक्त कोरड्या पडलेल्या कवचालाच मिळते.

बेरीज करून पाहिलीत का? ३४, २८ आणि २६ मिळून ८८ मिनिटे. एका डब्यात ७५ मिनिटे घालवली होती. एकच कुकर असेल तर थर वेगळे भाजून वेळ वाचत नाही. वाचतो तो केक.

आणखी एक गोष्ट बिघडली, तीच मला सर्वांत आवडली. पहिला थर ३.८ सेंटिमीटर फुगला, दुसरा ३.३ आणि तिसरा केवळ २.६. घोळ एकाच पातेल्यातला. सोडा आणि दह्यातले आम्ल भेटले की कार्बन डायऑक्साइड लगेच निघू लागतो. तिसरा थर आपली पाळी येईपर्यंत तासभर ओट्यावर बसून होता. त्याचा वायू हवेत गेला होता. उपाय मुलांनीच काढला. कोरडे आणि ओले मिश्रण तयार ठेवायचे आणि सोडा प्रत्येक वाट्यात डबा चढवण्याच्या क्षणी घालायचा. २.४ ग्रॅम सोड्याला पुरेसे आम्ल मिळाले तर आपल्याकडच्या दाबाला सुमारे पाऊण लिटर वायू निघतो. हे गणित अकरावीच्या मुलाला जमते. थराची उंची २ वरून ३.८ झाली, म्हणजे घनफळ वाढले ते अर्ध्या लिटरहूनही कमी, आणि त्यात वाफेचाही वाटा आहे. बाकीचा वायू निसटला. आम्ल कमी पडले तर सोडा नुसत्या उष्णतेने फुटतो, वायू निम्माच देतो आणि मागे धुण्याचा सोडा ठेवतो. पहिल्या केकमध्ये पिवळे डाग आणि साबणासारखी चव होती ती त्याचीच. दुसऱ्या खेपेस लिंबू पिळले.

माझे एक सहकारी म्हणाले की, हे सगळे ठीक, पण केक आपला नाही. विज्ञान शिकवायचे तर इथल्या मातीतले उदाहरण घ्या. मातीचेच उदाहरण आहे, असे मी त्यांना म्हटले. शिवनेरीच्या पायथ्याला उभे राहून कड्याकडे पाहा, नाहीतर लेण्याद्रीच्या डोंगराकडे. आडवे पट्टे दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे लोट एकावर एक पसरले आणि निवले, त्यांचा हा दगड. आपल्या पूर्वजांनी लेणी कोरली ती याच थरांत. लाव्हा निवण्याचा हिशेब केक भाजण्याच्या हिशेबासारखाच आहे, फक्त उष्णता उलट दिशेने जाते. दगडाची विसरणशीलता सेकंदाला सुमारे १ चौरस मिलिमीटर घ्या. दहा मीटर जाडीचा लोट निवायला त्या मापाने सुमारे दहा महिने, वीस मीटरचा निवायला तीन वर्षांहून अधिक. पाऊस आणि भेगा मधे आल्या तर हिशेब बदलतो, तो भाग वेगळा. घाटरस्त्यांच्या कापात दोन थरांमध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. तो एका लोटानंतर कुजत पडलेला जुना पृष्ठभाग किंवा साचलेली राख, आणि त्यावर पुढच्या लोटाची आच लागलेली. आपल्या तालुक्यात बोरीला कुकडी नदीकाठी तर तपकिरी गाळात ज्वालामुखीच्या फिकट राखेचा थर आहे. ती राख सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीची. ती नेमक्या कोणत्या स्फोटातली, यावर अभ्यासकांचा वाद आहे.

(याच गणिताने एक मोठा माणूस चकला होता. विल्यम टॉमसन, पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८६२ साली पृथ्वी निवण्याचा हिशेब करून तिचे वय २ कोटी ते ४० कोटी वर्षांच्या दरम्यान ठरवले. आज ते सुमारे ४५४ कोटी मानतात. टॉमसनचा गुणाकार चुकला नव्हता. पृथ्वीच्या पोटातला माल घट्ट दगडासारखा स्वस्थ पडून आहे, असे त्यांनी धरले होते. जॉन पेरी यांनी १८९५ साली त्यावर बोट ठेवले. आम्ही पृष्ठभागाचे तापमान धरून चाललो, तशीच ही गोष्ट.)

आणि केक आपला नाही, हेही अर्धेच खरे. कोकणात काकडीचे धोंडस करतात ते भांड्याखाली आणि झाकणावर निखारे ठेवून. गोव्याच्या बेबिंकाचा तर सगळा डौलच थरांत आहे. नारळाचे दूध, अंड्याचा बलक, साखर, तूप आणि थोडे पीठ; एक पातळ थर ओतायचा, वरून निखाऱ्याची आच देऊन तो तांबूस करायचा, वर तूप सोडायचे, मग पुढचा थर. सात तरी थर. बेबिंकाला २०२३ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पातळ थर आणि वरची आच हा मेळ ज्यांनी प्रथम जमवला त्यांनी फूरियेचे नावही ऐकलेले नसणार.

इतके लिहिल्यावर 'स्वयंपाकघर हीच प्रयोगशाळा' असे वाक्य वाचकांच्या ओठांवर आले असेल. मला ते वाक्य आवडत नाही. भाषणात ते टाळ्या घेते आणि मग कोणी काहीच मोजत नाही. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत सोडा आणि व्हिनेगरचा फेसाळ ज्वालामुखी हटकून दिसतो. तो करणाऱ्या मुलाला सोडा किती घातलास असे विचारा, तो चिमूटभर म्हणेल. थालीपीठाची भोके पाडणाऱ्या आईचे ज्ञान खरे आहे, पण ते विज्ञान व्हायला भोके किती, जाडी किती, वेळ किती हे लिहावे लागते आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी लागते. त्याचप्रमाणे वहीत समीकरण असून भाकरी कच्ची का राहते हे सांगता येत नसेल, तर ती वहीही अपुरी आहे. आपल्या प्रात्यक्षिकांत उत्तर आधीच ठाऊक असते. गुरुत्वत्वरण ९.८ आले पाहिजे, नाही आले तर मुले आकडे मागून जुळवतात. हे आपण सगळे शिक्षक जाणतो आणि कानाडोळा करतो. केकचे उत्तर मागून जुळवता येत नाही. कच्चा तो कच्चाच दिसतो, सगळ्या वर्गासमोर.

गुण कसे द्यायचे, हा प्रश्न सहकाऱ्यांनी विचारला आणि तो रास्त आहे. केक चांगला झाला म्हणून गुण देऊ नयेत. नाहीतर ज्याच्या घरी भट्टी आहे तो पहिला येईल. आधी काय अंदाज केला, काय झाले, फरक का पडला आणि पुढच्या खेपेस काय बदलले, या चार गोष्टींना द्यावेत. माझ्या हिशेबात त्या बिघडलेल्या पहिल्या केकला सर्वांत जास्त गुण मिळतील. एवढेही जमणार नसेल तर आठवी-नववीच्या शिक्षकांनी केकच्या नादी लागूच नये. दोन भाकऱ्या थापायला सांगाव्यात, एक अर्धा सेंटिमीटर जाड, एक सेंटिमीटर, आणि घड्याळ लावून बसावे. मुलग्यांनाही थापायला लावावे. आमच्या वर्गातल्या मुलग्यांपैकी बहुतेकांनी तोवर पीठ मळलेले नव्हते, आणि उष्णतेच्या धड्यात सर्वांत मोठ्याने उत्तरे देणारे तेच होते.

समारंभाच्या दुपारी खोलीत ३४ अंश तापमान होते. लोण्याचे क्रीम अशा हवेत ढळते, म्हणून थरांमध्ये फेटलेला चक्का घातला. तो वरच्या थराचे वजन सोसून उभा राहिला. तिसरा थर नव्याने भाजला होता, तरी मधला किंचित घुमटाकार झाल्यामुळे केक एका बाजूला कलला. पालकांपैकी एका काकांनी विचारले, "असा वाकडा का?" त्या मुलीने डब्याची कड आधी तापते, तिथला घोळ आधी घट्ट होतो आणि मधला नंतरही फुगत राहतो, असे तीन वाक्यांत सांगितले. काका ऐकत होते, तिची आई त्यांच्या मागे उभी होती. मग कोणीतरी सुरी आणली.